बांध कोरण्याची विद्या

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत सी भाषेवरचा एक प्रश्न ठरलेला असतो : मॅलॉक आणि कॅलॉक यांत फरक काय? उत्तरही ठरलेलं असतं. मॅलॉक जागा देतो पण साफ करून देत नाही, कॅलॉक शून्यं भरून देतो. परीक्षक मान डोलावतात, मार्क पडतात आणि विषय तिथेच संपतो. फ्री म्हटल्यावर त्या जागेचं नेमकं काय होतं, हे कुणी विचारत नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने कितीतरी विद्यार्थ्यांची पॉइंटरची भीती घालवली, ते ऋण मोठं आहे, पण मॅलॉकच्या पोटात काय चालतं हे सांगणं कुठल्याच प्राथमिक पुस्तकाचं काम नसतं. ते राहून जातं, आणि पुढे नोकरीत वीस वर्षं सी लिहिणाऱ्यांचंही राहून जातं. हे पुस्तक त्या राहून गेलेल्या भागाबद्दल आहे.

विषय एका वाक्यात सांगायचा तर असा : प्रोग्राम चालू असताना तो जी मेमरी मागून घेतो आणि परत करतो, तिचा हिशेब बिघडवून त्या प्रोग्रामचा ताबा मिळवण्याची तंत्रं. या मेमरीला हीप म्हणतात. तिच्यावरचे हल्ले गेल्या पंचवीस वर्षांत ब्राउझरपासून फोनपर्यंत सगळीकडे पोचले. त्यांच्यावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक लिखाण आधीच जाणणाऱ्यांसाठी. नवख्याने उघडलं तर दुसऱ्या परिच्छेदात दम लागतो.

आधी शेजारच्या स्टॅकबद्दल दोन शब्द, कारण प्रसिद्धी त्याला आधी मिळाली. २ नोव्हेंबर १९८८ला इंटरनेटवर सुटलेल्या मॉरिस वर्मने फिंगर या सेवेतला बफर ओव्हरफ्लो वापरला होता, तो स्टॅकवरचा. नोव्हेंबर १९९६मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकर मासिकात ॲलेफ वन या टोपणनावाने स्टॅकवरच्या हल्ल्याचं सविस्तर विवेचन आलं आणि ही विद्या सर्वांसाठी खुली झाली. स्टॅकवर हल्लेखोराची सोय आयती असते. फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता तिथेच, बफरच्या पलीकडे ठेवलेला असतो. बफर ओसंडला की पत्ता बदलतो, की नियंत्रण हातात. हीपवर असा आयता पत्ता नसतो. म्हणून बरीच वर्षं समज असा होता की हीपवरचा बफर ओसंडला तर फार तर प्रोग्राम कोसळेल. हा समज कसा खोटा ठरला हे कळण्यासाठी हीपचा हिशेब कुठे ठेवलेला असतो ते पाहावं लागतं, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण सगळी मेख इथेच आहे.

हीपचा कारभार पाहणाऱ्या कोडला ॲलोकेटर म्हणतात. लिनक्सवर तो ग्लिबसी या लायब्ररीत असतो आणि त्याचं कुळ डग ली यांनी १९८७पासून लिहिलेल्या ॲलोकेटरपर्यंत जातं. मधल्या काळात वोल्फ्राम ग्लोगर यांनी तो एकाच वेळी अनेक थ्रेडना पुरेल असा केला. त्यातली मूळ कल्पना आणखी जुनी, डोनाल्ड नुथ यांच्या १९६८च्या ग्रंथात सापडणारी : मेमरीच्या प्रत्येक तुकड्याच्या हद्दीवर त्या तुकड्याची माहिती लिहून ठेवायची. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला हे लगेच कळेल. दोन शेतांच्या मध्ये बांध, बांधावर हद्दीचा दगड. आता अशी कल्पना करा की तलाठ्याकडे नकाशाच नाही, मोजणीला येणारा माणूस फक्त दगड पाहतो आणि दगड म्हणेल ते खरं मानतो. शेजाऱ्याने नांगरताना हळूहळू बांध कोरला, एक दिवस दगडच सरकवला, तर यापुढची प्रत्येक मोजणी चुकीची होणार आणि ती सरकारी शिक्क्यानिशी होणार. हीपवरचा हल्ला हा या प्रकारचा आहे. हल्लेखोर तुमच्या शेतात घुसत नाही. तो दगड सरकवतो आणि मोजणीदाराला बोलावतो.

आता प्रत्यक्ष आकडे. आजच्या ६४-बिट लिनक्सवर मॅलॉककडे २४ बाइट मागा. ग्लिबसी ३२ बाइटांचा तुकडा बाजूला काढते. २५ मागा, तर ४८चा. तुकड्याच्या तोंडाशी ८ बाइटांत त्याचा आकार लिहिलेला असतो. आकार नेहमी १६च्या पटीत असल्यामुळे त्या आकड्याचे शेवटचे चार बिट कायम शून्य, म्हणजे मोकळे. हात आखडता घेणाऱ्या प्रोग्रामरांनी ती जागा वाया घालवली नाही. त्यातल्या तीन बिटांत खुणा ठेवल्या. सर्वांत खालच्या बिटची खूण सांगते की आधीचा तुकडा वापरात आहे. म्हणून ३२ बाइटांच्या तुकड्याच्या कपाळावर बहुधा ३३ लिहिलेलं दिसतं. डीबगर लावून हा ३३ पहिल्यांदा पाहिला की हीप हा विषय पुस्तकातून बाहेर येतो.

तुकडा फ्री केला की आणखी एक गोष्ट होते. तुमचा डेटा जिथे होता तिथेच ॲलोकेटर आपले पॉइंटर लिहितो : पुढचा रिकामा तुकडा कोणता, मागचा कोणता. रिकाम्या तुकड्यांची साखळी अशी त्या तुकड्यांच्याच पोटात गुंफलेली असते. जागेची काटकसर म्हणून हे देखणं आहे. पण हिशेब ठेवणाऱ्याचे आकडे आणि बाहेरून आलेल्या परक्याचा डेटा एकाच ओळीत, एकमेकांना खेटून, मध्ये काहीही न ठेवता बसवले आहेत. १९८७ साली ही काटकसर योग्यच होती. ती पुढे तशीच चालू ठेवणं योग्य होतं का, हा प्रश्न या पुस्तकात वारंवार येईल.

साखळीतून तुकडा काढताना दोन ठिकाणी लिहावं लागतं : मागच्याला सांगायचं की तुझा पुढचा आता हा, आणि पुढच्याला सांगायचं की तुझा मागचा आता तो. दोन साधी लेखनं. हे दोन्ही पॉइंटर हल्लेखोराने आधीच बदलून ठेवले असतील, तर ॲलोकेटर स्वतःच्या हाताने, हल्लेखोर सांगेल त्या पत्त्यावर, हल्लेखोर सांगेल ते मूल्य लिहितो. या एका कृतीवर जवळपास पाच वर्षांचा इतिहास उभा आहे.

२५ जुलै २०००ला सोलर डिझायनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रशियन संशोधकाने, अलेक्झांडर पेस्ल्याक यांनी, नेटस्केप ब्राउझरमधल्या एका दोषाचं निवेदन प्रसिद्ध केलं. पासवर्ड तपासणारं ‘जॉन द रिपर’ हे साधनही त्यांचंच. दोष होता जेपेग चित्र उलगडणाऱ्या कोडमध्ये. जेपेग फाइलमध्ये शेरा लिहायची सोय असते आणि त्या शेऱ्याच्या आधी त्याची लांबी दोन बाइटांत लिहिलेली असते. ही लांबी स्वतःचे दोन बाइटही मोजते, म्हणून ती किमान २ असायलाच हवी. कुणी १ लिहिली तर? नेटस्केपने त्यातून २ वजा केले, उरले उणे एक. पण संगणकाने ते मूल्य जिथे वापरलं तिथे उणे चिन्हाला जागाच नव्हती. ३२ बिटांत उणे एक म्हणजे ४२९ कोटींहून मोठी संख्या. जागा घेतली गेली नावापुरती, आणि वाचायला सुरुवात झाली या अवाढव्य लांबीने. शेरा बांध ओलांडून पुढच्या तुकड्यांवर सांडला आणि वर सांगितलेले पॉइंटर हल्लेखोराच्या मर्जीचे झाले. चित्र पाहिलं एवढाच वापरकर्त्याचा गुन्हा.

त्या निवेदनाचं महत्त्व नेटस्केपपुरतं नव्हतं. ॲलोकेटरचा हिशेबच हत्यार म्हणून वापरता येतो, आणि ही युक्ती एका प्रोग्रामपुरती नसून तसा ॲलोकेटर वापरणाऱ्या आणि असाच दोष असलेल्या कुठल्याही प्रोग्रामवर चालते, हे त्यात दाखवून दिलं होतं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००१मध्ये, ‘फ्रॅक’च्या ५७व्या अंकात या विषयावर दोन लेख शेजारी शेजारी आले आणि हीपची विद्या शिकवता येण्याजोगी झाली. सप्टेंबर २००२मध्ये स्लॅपर वर्मने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या हीप ओव्हरफ्लोवर स्वार होऊन लिनक्सवरचे अपाची सर्व्हर धरले. २००४मध्ये ग्लिबसीने साधी तपासणी घातली : साखळीतून तुकडा काढण्याआधी पाहा, की त्याचा पुढचा त्यालाच आपला मागचा म्हणतो का. त्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २मध्येही अशीच तपासणी आली. दार बंद झालं असं वाटलं. ते वाटणं वर्षभर टिकलं.

ऑक्टोबर २००५मध्ये फँटॅस्मल फँटॅस्मागोरिया अशा भारदस्त टोपणनावाच्या कुणीतरी ‘मॅलॉक मॅलेफिकारम’ नावाचा मजकूर प्रसिद्ध केला. त्यात हाउस ऑफ प्राइम, हाउस ऑफ माइंड, हाउस ऑफ फोर्स, हाउस ऑफ लोर, हाउस ऑफ स्पिरिट अशी घरंच घरं. प्रत्येक घर म्हणजे नव्या तपासणीला बगल देण्याची एक वाट. त्यातल्या काही वाटा त्या दिवशी कागदावरच्याच होत्या, पण नाव देण्याची ही प्रथा इतकी रुजली की आजही नवं तंत्र सापडलं की त्याच्यापुढे हाउस ऑफ लागतं. मला या नामकरणाचं फारसं कौतुक नाही. नावं पाठ करणारे विद्यार्थी बरेच भेटतात. ॲलोकेटरच्या कोडमधल्या कुठल्या ओळीने विश्वास ठेवला आणि तो का ठेवला, हे सांगणारे कमी. म्हणून या पुस्तकात प्रकरणांची मांडणी घरांच्या नावाने केलेली नाही. कुठल्या गृहीतकाला धक्का लागला, त्यानुसार केली आहे.

अशी गृहीतकं मोजकीच आहेत. पहिलं, तुकड्याचा आकार खरा आहे. दुसरं, साखळीतले पॉइंटर खरे आहेत. तिसरं, परत केलेली जागा कुणी पुन्हा वापरणार नाही आणि पुन्हा परत करणार नाही. तिसऱ्यातून निघालेल्या प्रकाराने पुढच्या दशकात सगळ्यांत मोठा धुमाकूळ घातला. मेमरी परत केली, पण जुना पॉइंटर कुठेतरी शिल्लक राहिला. त्या जागी दुसरा डेटा येऊन बसला. आणि जुन्या पॉइंटरने तो डेटा आपलाच समजून वापरला. यात बांध कोरला जात नाही, कुठलीही मर्यादा ओलांडली जात नाही, म्हणून मर्यादा तपासणाऱ्या पहारेकऱ्याला काही दिसतही नाही. ब्राउझरमध्ये हे सतत घडतं, कारण पानावरची हजारो ऑब्जेक्ट जावास्क्रिप्टच्या हुकमाने जन्मतात आणि मरतात, आणि सी प्लस प्लसमधल्या प्रत्येक ऑब्जेक्टच्या तोंडाशी बहुधा फंक्शनांच्या यादीचा पत्ता असतो. मेलेल्या ऑब्जेक्टच्या जागी हल्लेखोराचा डेटा बसला की तो पत्ता त्याचा होतो. गुगलने १२ जानेवारी २०१०ला जाहीर केलेल्या ‘ऑपरेशन ऑरोरा’ हल्ल्यात इंटरनेट एक्सप्लोररमधला असाच दोष वापरला गेला होता.

मेलेल्याच्या जागी नेमका आपलाच डेटा बसवायचा कसा? इथे नशीब लागतं अशी समजूत असते. लागत नाही. ॲलोकेटर हा नियमाने वागणारा प्राणी आहे. कुठल्या क्रमाने किती जागा मागितली आणि सोडली, हे ठरवता आलं तर पुढचा तुकडा कुठे पडेल हेही बहुतेक वेळा ठरवता येतं. अलेक्झांडर सोतिरोव यांनी २००७च्या ब्लॅक हॅट युरोपमध्ये ब्राउझरच्या हीपची अशी मांडामांड जावास्क्रिप्टमधून कशी करता येते ते दाखवलं आणि तिला फेंगशुई म्हटलं. तोवर हीप नुसताच डेटाने भरून टाकायचा आणि काहीतरी लागेल अशी आशा धरायची, हा धोपटमार्ग होता. सोतिरोव यांनी त्यात शिस्त आणली.

एक उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात चूक एका बाइटची आहे आणि तो बाइटही शून्य. २०१४मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाने ग्लिबसीतल्या अशा एका चुकीचा माग काढला. सी भाषेत मजकुराच्या शेवटी शून्य ठेवतात. जागेचा हिशेब एकाने चुकला की ते शून्य बांधापलीकडे पडतं. पलीकडच्या तुकड्याच्या आकाराच्या जागी समजा २५७ आहे, म्हणजे आकार २५६ आणि सोबत ‘आधीचा तुकडा वापरात आहे’ ही खूण. इंटेल आणि एआरएम प्रोसेसरवर संख्येचा सर्वांत लहान बाइट मेमरीत आधी येतो. त्यावर शून्य पडलं की २५७चे २५६ होतात. आकार बरोबरच राहिला, गेली फक्त खूण. आता ॲलोकेटर समजतो की आधीचा तुकडा रिकामा आहे आणि दोन्ही जोडायला मागे वळतो. मागे किती जायचं? तो आकडा तो वाचतो आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या आठ बाइटांतून, आणि तो तुकडा वापरात असताना ते आठ बाइट त्याच्या वापरकर्त्याचे असतात. म्हणजे आपल्या हल्लेखोराचे. काहीही नसलेला एक बाइट, आणि दोन तुकडे एकमेकांवर चढले. ग्लिबसीने इथेही पुढे तपासण्या वाढवल्या, पण ही यंत्रणा समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

दोष किती काळ लपून राहतात, याची कल्पना सुडोवरून येते. लिनक्सवर जवळपास प्रत्येक यंत्रात असणारी ही आज्ञा. २६ जानेवारी २०२१ला क्वालिस या कंपनीने जाहीर केलं की तिच्यात हीप ओव्हरफ्लो आहे आणि पासवर्ड माहीत नसलेला कुठलाही स्थानिक वापरकर्ता त्यातून रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊ शकतो. दोष आला होता जुलै २०११मध्ये. साडेनऊ वर्षं तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उघड्या कोडमध्ये बसून होता. कारण क्षुल्लक : आज्ञेतला शब्द उलट्या तिरप्या रेघेने संपला, तर कोड त्या रेघेमागचं शून्य ओलांडून पुढे वाचत आणि लिहीत राही. ‘कोड खुला आहे, म्हणजे कुणीतरी वाचत असेल’ या भरवशावर जगणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

एप्रिल २०१४मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष थोडा वेगळा, कारण त्यात काही लिहिलं गेलं नाही, फक्त वाचलं गेलं. ओपनएसएसएलला एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत हीपमधला शेजारपाजारचा मजकूर उत्तरादाखल पाठवायला लावता येत होतं आणि त्यात पासवर्ड, खासगी किल्ल्या, काहीही असू शकत होतं. ओपनएसएसएलने वेगासाठी मोकळ्या जागेची आपली वेगळी व्यवस्था मॅलॉकच्या वर रचली होती, त्यामुळे ज्या प्रणालींच्या मॅलॉकमध्ये जास्त संरक्षण होतं तेही निरुपयोगी ठरलं.

वेगाची ही हाव हा या इतिहासातला खरा खलनायक, असं माझं मत आहे. ग्लिबसीचीच गोष्ट घ्या. २००४पासून एकेक तपासणी घालत आणलेल्या या लायब्ररीने ऑगस्ट २०१७च्या २.२६ आवृत्तीत प्रत्येक थ्रेडसाठी छोटा जलद साठा आणला, टीकॅश. तो खरोखर जलद होता, कारण त्याने जुन्या तपासण्या वगळल्या होत्या. एकच तुकडा लागोपाठ दोनदा फ्री केला तरी तो हूं की चूं करत नसे. पंधरा वर्षांपूर्वीचे धडे गुंडाळून ठेवल्यासारखं झालं. दोनदा फ्री पकडणारी तपासणी आली २.२९मध्ये, २०१९ साली. साखळीतले पॉइंटर थेट न ठेवता त्यांच्या पत्त्याशी गुंफून ठेवण्याची युक्ती आली २.३२मध्ये, २०२० साली, चेक पॉइंट कंपनीतल्या एयाल इत्किन यांच्या सूचनेवरून. मधल्या काळात हॅकिंगच्या स्पर्धांमधून हीपचे प्रश्न सोडवणाऱ्या पोरांची चंगळ होती. याउलट ओपनबीएसडीने आपला हिशेब परक्यांच्या डेटापासून वेगळ्या जागी हलवला आणि त्यासाठी थोडा वेग सोडला. जगाने मात्र वेगवान तेच वापरलं.

आता ज्या हल्ल्यामुळे हा विषय तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर गेला, त्याबद्दल. १३ सप्टेंबर २०२१ला टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने फोर्स्डएंट्रीचा तपशील जाहीर केला आणि ॲपलने त्याच दिवशी दुरुस्ती दिली. इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगॅसस या हेरगिरी प्रणालीला आयफोनमध्ये शिरायची ही वाट होती. वापरकर्त्याला कशावरही बोट ठेवायची गरज नव्हती; संदेश आला की काम सुरू. फाइलचं नाव जिफ, आत पीडीएफ, त्याच्या आत जेबिग२ नावाच्या जुन्या प्रकारात दाबलेलं चित्र. स्कॅनर आणि झेरॉक्सच्या यंत्रांत कागद साठवायला वापरतात तो हा प्रकार. ते उलगडणाऱ्या कोडने चित्रातल्या चिन्हांची संख्या ३२ बिटांत बेरजेला घेतली, बेरीज ओसंडून लहान झाली, जागा लहान घेतली गेली. म्हणजे दोष २०००च्या जेपेगच्याच कुळातला.

पुढचं मात्र अभूतपूर्व होतं. त्या कोडमध्ये जावास्क्रिप्टसारखी काही भाषा नव्हती, म्हणजे हल्ला चालू असताना हिशेब करायला, पत्ते शोधायला साधन नव्हतं. जेबिग२मध्ये होत्या त्या फक्त एका चित्रावर दुसरं चित्र ठेवण्याच्या क्रिया : आणि, किंवा, दोहोंपैकी एकच. हल्लेखोरांनी चित्राच्या मर्यादेचे आकडे बिघडवून त्याला मेमरीभर पसरायला मोकळं केलं आणि मग सत्तर हजारांहून अधिक अशा क्रिया रचून त्यातून लॉजिक गेट, गेटांतून ६४ बिटांची बेरीज करणारं सर्किट, तुलना करणारं सर्किट, रजिस्टर, असा एक छोटा संगणकच त्या चित्राच्या आत उभा केला. डिसेंबर २०२१मध्ये प्रोजेक्ट झीरोच्या इयन बिअर आणि सॅम्युएल ग्रोस यांनी हे उलगडून दाखवलं. ते वाचताना मला कौतुक आणि संताप एकदमच वाटला, आणि दोन्ही रास्त आहेत असं अजूनही वाटतं. ही बुद्धी पत्रकार आणि कार्यकर्त्यांच्या खिशात शिरण्यासाठी वापरली गेली. भारतातही पेगॅससचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये नेमलेल्या समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये घातक प्रोग्राम सापडला, तो पेगॅससच होता असं निश्चित सांगता आलं नाही.

यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२३मध्ये, वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत हीप ओव्हरफ्लो सापडला. क्रोम, फायरफॉक्स आणि इतर असंख्य प्रोग्राम एकदम दुरुस्त करावे लागले. या लायब्ररीवर आपोआप चुका शोधणारं फझिंग वर्षानुवर्षं चालू होतं. त्या जाळ्यात हा मासा लागला नव्हता. जेपेग, जेबिग२, वेबपी : तिन्ही वेळा परक्याने पाठवलेलं चित्र, तिन्ही वेळा लांबीचा चुकलेला हिशेब.

मग उपाय काय? मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षादोषांपैकी साधारण ७० टक्के मेमरीच्या गैरवापरातून येतात. क्रोमच्या गंभीर दोषांचा आकडाही तेवढाच निघाला. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८०च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणातच सांगितलं होतं की त्यांच्या कंपायलरच्या ग्राहकांनी साठच्या दशकात मर्यादेची तपासणी बंद करू नका असा एकमुखी आग्रह धरला होता, आणि पुढच्या भाषांच्या कर्त्यांनी तो धडा घेतला नाही. आता तो घेतला जातो आहे. अँड्रॉइडमध्ये नवा कोड मेमरीचे असे दोष होऊ न देणाऱ्या रस्टसारख्या भाषांत लिहायला सुरुवात झाल्यावर मेमरीच्या दोषांचं प्रमाण २०१९मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४मध्ये २४ टक्क्यांवर आलं, आणि जुना कोड पुन्हा न लिहिता आलं, ही त्यातली बातमी. प्रोसेसरही कामाला लागले आहेत. एआरएमच्या नव्या रचनेत मेमरीच्या दर १६ बाइटांना चार बिटांचा एक शिक्का असतो आणि पॉइंटरवरही. दोन्ही जुळले नाहीत तर प्रोग्राम तिथेच थांबतो. ॲपलने सप्टेंबर २०२५मध्ये आयफोन १७सोबत हे संरक्षण कायमचं चालू ठेवलं. तपासण्यांच्या मागून तपासण्या घालण्यापेक्षा हे दोन मार्ग मला जास्त भरवशाचे वाटतात. पण सी आणि सी प्लस प्लसमधला जो कोड आधीच जगात पसरला आहे, राऊटरमध्ये, गाड्यांत, रुग्णालयातल्या यंत्रांत, तो उद्या नाहीसा होणार नाही. तो राखणारे बरेचसे हात पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत आहेत, आणि हे पुस्तक मराठीत लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. चालू, न दुरुस्त झालेल्या कुठल्याही दोषाची वाट यात नाही आणि उचलून चालवता येईल असा तयार हल्लाही नाही. उदाहरणं जुन्या आवृत्त्यांवरची आहेत; ती स्वतःच्या यंत्रावर, वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करून पाहायची. दुसऱ्याच्या यंत्रावर परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने हात घातला तर माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ‘शिकत होतो’ या बचावावर विसंबू नका. दोष सापडलाच तर तो बनवणाऱ्याला कळवा; दाद लागली नाही तर सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा आहे. सरावाला रिकाम्या मैदानांची कमतरता नाही. शेलफिश या गटाने हीपच्या तंत्रांची लहान लहान उदाहरणं आवृत्तीनिहाय रचून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, आणि हे काम करणाऱ्या माणसांना भेटायचं तर गोव्यात २०१०पासून भरणारी नलकॉन ही परिषद फार लांब नाही.

वाचकाकडून अपेक्षा एवढीच, की सी येत असावी आणि डीबगरची भीती नसावी. ग्लिबसीची मॅलॉकची फाइल पाच हजारांहून अधिक ओळींची आहे. तिच्या सुरुवातीला लांबलचक टिपण आहे, ते या पुस्तकाच्या सोबतीने वाचा, कारण हल्लेखोरांनी ते कधीच वाचलं आहे. आणि पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. कॉलेजात किंवा नोकरीत स्वतः लिहिलेला, मॅलॉक वापरणारा एखादा जुना प्रोग्राम शोधा, ॲड्रेस सॅनिटायझर ही मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय चालू करून पुन्हा कंपाइल करा आणि नेहमीपेक्षा थोडी वेडीवाकडी माहिती देऊन चालवा. अहवाल आला तर चूक कुठल्या फंक्शनमध्ये झाली आणि किती बाइट बाहेर गेले, हे त्यातून कागदावर उतरवून ठेवा. दुसऱ्या प्रकरणाला ते लागेल.